केबल बघून फॉरमॅट निवडा: युरोरॅक, सर्ज आणि फाइव्ह-यू

मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलांनी जोडून आवाज घडवणारं वाद्य, घ्यायचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवाज कुठल्या फॉरमॅटचा (मॉड्यूलांच्या मापाच्या आणि जोडणीच्या पद्धतीचा) चांगला? मी नाटकांसाठी ध्वनी तयार करते. त्या कामात युरोरॅक, सर्ज आणि मूग पद्धतीचा फाइव्ह-यू (यू हे पॅनलच्या उंचीचं माप) हे तिन्ही फॉरमॅट मी भरपूर वापरले आहेत आणि माझं मत ठाम आहे. आवाजावर जाऊ नका, केबल बघा. केबल कशी आहे, ती कुठे किती सहज लागते आणि तिच्यातून किती व्होल्ट जातात, यावर तुम्ही कसले पॅच (केबलांच्या जोडण्या) करणार हे बरंचसं ठरतं.

आवाज दुय्यम म्हणते, कारण चांगली सर्किट्स एका फॉरमॅटमध्ये अडकून पडत नाहीत. मूगचा लॅडर फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारं सर्किट) डोप्फर कंपनीच्या ए-१२० या युरोरॅक मॉड्यूलमध्ये आहे. सर्ज फॉरमॅट ज्याच्या नावाचा, त्या सर्ज चेरेपनिनच्या युनिव्हर्सल स्लोप जनरेटरची (चढतं-उतरतं व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलची) कल्पना मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्समध्ये आली आणि युरोरॅकवाल्यांचं ते आवडतं मॉड्यूल झालं. मग फरक उरतो तो हाताखाली काय येतं याचा.

युरोरॅकपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ए-१०० सिस्टिम आणली आणि तिचीच मापं पुढे सगळ्यांनी उचलली. पॅनलची उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपीमध्ये मोजायची, १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. केबल ३.५ मिलिमीटरची मोनो, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट. शेकडो कंपन्या याच मापात मॉड्यूल बनवतात, त्यामुळे निवडीला तोटा नाही. तुम्हाला हवं ते विचित्रातलं विचित्र मॉड्यूल कुणीतरी बनवलेलं असतंच. या एका गोष्टीसाठी मी युरोरॅकला पैकीच्या पैकी गुण देते.

पण दाटी फार. ४ एचपीच्या पॅनलवर चार नॉब आणि सहा जॅक कोंबले की दोन बोटं आत जात नाहीत. प्रयोग चालू असताना काळोखात नेमका हवा तो नॉब सापडणं हे माझ्या कामात महत्त्वाचं आहे आणि तिथे युरोरॅक कमी पडतो. घेताना मॉड्यूलचा फोटो पाहू नका, त्यात केबल लावलेला फोटो शोधा. केबलांमागे कुठले नॉब झाकले जातात ते लगेच दिसतं.

विजेकडेही नीट बघा. मागची रिबन केबल लावताना लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला आली पाहिजे. ती उलटी लागली आणि आत संरक्षणाचा डायोड नसला तर मॉड्यूल जळू शकतं. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खेचतं ते लिहिलेलं असतं. बेरीज करा आणि पॉवर सप्लायच्या क्षमतेत भरपूर जागा मोकळी ठेवा.

युरोरॅकमधला माझा खरा आक्षेप सिग्नल वाटण्याबद्दल आहे. एका आउटपुटमध्ये एकच प्लग बसतो. तोच सिग्नल तीन ठिकाणी हवा असेल तर मल्टिपल (एक सिग्नल अनेक जॅकवर वाटणारं मॉड्यूल) लागतं, आणि साधं पॅसिव्ह मल्टिपल, ज्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, पिचला (सुराच्या उंचीला) दगा देऊ शकतं. हिशोब करून बघा. आउटपुटचा रोध १ किलोओहम आणि ऑसिलेटरच्या (मूळ सूर काढणाऱ्या मॉड्यूलच्या) इनपुटचा १०० किलोओहम असेल, तर ४ व्होल्टचे ३.९६ पोचतात. त्याच तारेवर तीन ऑसिलेटर लावले की ३.८८. फरक सुमारे ७७ मिलिव्होल्टचा. १ व्होल्टला एक सप्तक या हिशोबात एक सेमीटोन ८३ मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे सूर जवळजवळ सेमीटोनभर उतरला. सगळ्याच मॉड्यूलांत हे होत नाही, काहींचा पिच आउटपुट याची काळजी घेतो. तरी पिचसाठी बफर्ड मल्टिपल घ्या, ते व्होल्टेज उतरू देत नाही. एलएफओ (सावकाश हेलकावणारा सिग्नल) किंवा एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा सिग्नल) वाटायला पॅसिव्ह पुरतं. टिपटॉपच्या स्टॅककेबल वापरल्या तर एका प्लगच्या पाठीवर दुसरा बसतो, पण विजेच्या दृष्टीनं तेही पॅसिव्ह मल्टिपलच.

आता सर्ज. हा माझा जीव की प्राण, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज राहील. उंची ४ यू, सगळीकडे ४ मिलिमीटरचे बनाना जॅक. बनाना प्लगच्या पाठीवर दुसरा प्लग बसतो, त्याच्यावर तिसरा. मल्टिपल नावाची भानगडच नाही. जॅकचे रंग बोलतात: काळा ध्वनीसाठी, निळा कंट्रोल व्होल्टेजसाठी (दुसऱ्या मॉड्यूलचा नॉब जणू आपोआप फिरवणारं व्होल्टेज), लाल पल्ससाठी (क्षणभराचा इशारा). आणि हे रंग म्हणजे नियम नव्हेत. काळ्यातून निळ्यात, निळ्यातून काळ्यात, काहीही लावा. आउटपुटला आउटपुट जोडलं तर मात्र नीट मिश्रण होत नाही, त्यासाठी मिक्सरच हवा.

एक पॅच नीट सांगते, म्हणजे मी एवढी का भारावले आहे ते कळेल. एका प्रवेशासाठी वारा हवा होता. रेकॉर्ड केलेला नको होता, कारण नटाच्या थांब्याप्रमाणे तो लांबायला आणि ओसरायला हवा होता. व्हाइट नॉइज (सूर नसलेली सरसर) व्हेरिएबल क्यू फिल्टरमध्ये सोडला, क्यू (फिल्टरची धार) निम्म्याच्या थोडा वर आणि आउटपुट बँडपासचा (मधला पट्टाच सोडणारा), तिथे वाऱ्याची शीळ मिळते. फिल्टरमधून व्हीसीए (व्होल्टेजनं सिग्नल लहानमोठा करणारं मॉड्यूल), तिथून मिक्सर. मग स्लोप जनरेटर. त्याची एक फेरी संपली की जो पल्स निघतो, तो त्याच्याच ट्रिगर इनपुटला (फेरी सुरू करणाऱ्या जॅकला) लावला की तो आपोआप फिरत राहतो. चढ लांब ठेवला, उतार त्याहून लांब. त्याच्या आउटपुटवर तीन बनाना एकावर एक: एक फिल्टरच्या कटऑफला (फिल्टर कुठे लागू होतो ते ठरवणारं टोक), दुसरा व्हीसीएला, तिसरा शेजारच्या स्लोपच्या व्हीसी इनपुटला, जिथल्या व्होल्टेजनं त्याचा वेग बदलतो. शेजारचा स्लोपही असाच फिरतो, पण खूप सावकाश, आणि त्याचा आउटपुट परत पहिल्याच्या व्हीसी इनपुटला. दोन्हीकडचे नॉब मध्यापासून अगदी किंचित हलवलेले.

आता दोघं एकमेकांचा वेग बदलत राहतात. झोत येतो, अर्धवट वाटतो, पुन्हा उसळतो, आणि एका झोतासारखा दुसरा ऐकू येत नाही. थांबा लांबला तर उताराचा एक नॉब फिरवायचा, वारा ओसरायला वेळ घेतो. हा पॅच युरोरॅकमध्ये मॅथ्सच्या पहिल्या आणि चौथ्या चॅनलवर तंतोतंत होतो. तिथे सायकलचं बटणच आहे. पण ती उलटी जोडणी, पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून परत, मला सुचली ती सर्जवर, कारण तिसरा बनाना हातात होता आणि लावायला क्षणभरही लागला नाही.

सर्जचा तोटा ग्राउंडचा. बनाना केबलमध्ये एकच तार असते, म्हणून दोन वेगळ्या केस जोडायच्या असतील तर आधी त्यांचे ग्राउंड एका तारेनं जोडावे लागतात. ते केलं नाही तर घरघर ऐकू येते किंवा पिच भरकटतो. आणि निवड युरोरॅकच्या मानानं फारच थोडी.

फाइव्ह-यूबद्दल थोडक्यात. मूगच्या १९६० च्या दशकातल्या मॉड्युलरची ही परंपरा: मोठी पॅनल, ६.३५ मिलिमीटरचे जॅक, गिटारला लागते तीच जाडजूड केबल. नॉब मुठीत येतात. प्रेक्षकांसमोर बसून हातानं फिल्टर उघडायचा असेल तर यासारखं सुख नाही. पण जागा आणि वजन बघा. जेवढं युरोरॅकमध्ये एका ओळीत मावतं, त्याला इथे कपाट लागतं. जुन्या मूगशी जोडताना एस-ट्रिगर लक्षात ठेवा. तिथे नोट सुरू होते ती व्होल्टेज दिल्यावर नाही, तर तार ग्राउंडला टेकल्यावर. मध्ये कन्व्हर्टर घाला.

बुखला हा आणखी एक फॉरमॅट माझ्याकडे नाही, दुसऱ्यांच्या सिस्टिमवर वापरलाय, म्हणून गुण देत नाही. तिथे ध्वनी आणि कंट्रोल यांचे जॅकच वेगळे. ध्वनी टिनी-जॅक्स नावाच्या छोट्या जॅकमधून, कंट्रोल बनानातून. सप्तकाला १ नव्हे, १.२ व्होल्ट. युरोरॅकशी सूर जुळवायचा तर बुखलाचं व्होल्टेज ०.८३३ नं गुणावं लागतं, म्हणजे अचूक अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारं मॉड्यूल) हवा. कॉर्ग एमएस-२० या सिंथची तऱ्हा आणखी निराळी. तिथे सप्तकागणिक व्होल्ट दुप्पट होतात, १, २, ४, ८. युरोरॅकचे १, २, ३, ४ तिथे सरळ लावले तर सूर लागणारच नाहीत.

नव्यानं सुरू करणाऱ्याला मी काय सांगते? आधी संगणकावर व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलर सिंथचं सॉफ्टवेअर उतरवा. मोफत आहे आणि युरोरॅकच्याच व्होल्टेजवर बेतलेलं आहे. तिथे वरचा वारा करून बघा. मग युरोरॅकची एकच ओळ घ्या, ८४ एचपी, आणि ती आवाज करणाऱ्या मॉड्यूलांनी भरू नका. ऑसिलेटर एक, फिल्टर एक, मॅथ्स किंवा तसंच एखादं स्लोप मॉड्यूल, नॉइज आणि सॅम्पल-अँड-होल्ड (इशारा मिळताच व्होल्टेज टिपून धरून ठेवणारं मॉड्यूल), आणि व्हीसीए निदान चार. व्हीसीए फक्त आवाज लहानमोठा करायला नसतात. एका कंट्रोल व्होल्टेजनं दुसऱ्याची मात्रा बदलायला तेच लागतात. आउटपुट मॉड्यूल विसरू नका. युरोरॅकचा सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक (सर्वात खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) असतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला त्याच्या एक तृतीयांश पुरतो. आणि केबल घ्याल त्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या घ्या, आखूड जास्त, लांब थोड्या.