वायफायवरून ट्रॉली शोधणारी सेवा: द्राक्ष पॅकहाऊससाठी कितपत कामाची?

पत्र्याच्या शेडखाली जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून पॅकहाऊसमधली ट्रॉली कुठे आहे हे वायफाय सिग्नलच्या जोरावरून सांगणारी ही सेवा. नाशिकच्या द्राक्ष हंगामात तिचा कस एकाच ठिकाणी लागतो: सिग्नलचा नकाशा रिकाम्या हॉलचा काढलाय की भरलेल्या.

तंत्र सरळ आहे. दर 2 मीटरवर उभं राहून कुठल्या ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय सोडणाऱ्या डब्याचा) सिग्नल किती डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) येतो ते नोंदवायचं. मग ट्रॉलीवरच्या टॅगला दिसणारे आकडे या नोंदींशी ताडून सर्वांत जुळणारे तीन-चार बिंदू काढायचे; ट्रॉली त्यांच्याच आसपास. पण सेवेची माणसं ही नोंद डिसेंबरात, मोकळ्या हॉलमध्ये उरकून जातात. घोळ तिथेच. द्राक्षात बहुतांश पाणीच, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. फेब्रुवारीत क्रेटच्या थप्प्या डोक्याच्या वर गेल्या की जिथे -58 दिसायचं तिथे -70, म्हणजे बराच क्षीण सिग्नल दिसतो. ट्रॉली असते प्रीकूलिंगच्या (माल आधी थंड करायच्या खोलीच्या) दाराशी आणि पडद्यावर दिसते ग्रेडिंग टेबलाजवळ. माल भरलेला असताना दुसरी नोंद करून देणं करारातच लिहून घ्या.

नोंदीला घाई नको. अंगामुळेही सिग्नल अडतो, म्हणून प्रत्येक बिंदूवर चारही दिशांना तोंड करून पाच-पाच स्कॅन घ्यावेत. हे स्कॅन फोनवरच्या ॲपने घेतात, आणि अँड्रॉइड 9 पासून ॲपला 2 मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. म्हणजे एका बिंदूला 10 मिनिटं, आणि 1000 चौरस मीटरच्या हॉलचे 250 बिंदू! अँड्रॉइड 10 पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग, म्हणजे हीच मर्यादा, बंद करता येतं. ते केल्याशिवाय सुरुवातच करू नका. आयफोन या कामाला घेऊ नका, तो ॲपला आजूबाजूच्या ॲक्सेस पॉइंटचे आकडे देत नाही.

प्रत्येक बिंदूवरून किमान चार ॲक्सेस पॉइंट दिसायला हवेत आणि ते एका रांगेत नकोत, नाहीतर रांगेच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ॲक्सेस पॉइंटची ऑटो पॉवर (सिग्नलचा जोर आपोआप कमी-जास्त करणं) बंद ठेवा, नाहीतर नोंदीतले आकडे जुळत नाहीत. मजुरांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट जागा बदलत राहतात, ते नोंदीतून वगळा.

अचूकता 3 ते 5 मीटर धरा. कुठल्या रांगेत शोधायचं ते कळेल, कुठलं पॅलेट ते नाही. त्याला बारकोडच हवा. शीतगृहात मात्र सेवा खरोखर छान चालते. पफ पॅनेलचा (भिंतीच्या फोम भरलेल्या पॅनेलचा) पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे प्रत्येक खोलीत एक ॲक्सेस पॉइंट बसवला की ट्रॉली कुठल्या खोलीत आहे यात सहसा चूक होत नाही. फक्त दार उघडं राहिलं की शेजारच्या खोलीचा आकडा वाढतो.