आरएक्स १०० चं जाम इंजिन पूर्ण बांधलं: अख्खा उन्हाळा चालवल्यानंतरचा अनुभव

बोअर मारून (सिलिंडर आतून थोडा मोठा करून) नवा पिस्टन टाकला की जाम झालेलं टू-स्ट्रोक इंजिन सुधारलं, ही समजूत पुण्यात अजून घट्ट आहे. माझ्याकडे आलेल्या यामाहाच्या आरएक्स १०० या मोटरसायकलचं आधी नेमकं एवढंच काम झालं होतं, आणि कात्रजच्या चढाला ती पुन्हा जाम झाली. या वेळी इंजिन खाली उतरवून पूर्ण बांधलं. नंतर भर उन्हाळ्यात रोज ऑफिसला, सुट्टीला सिंहगडाला आणि खंबाटकीमार्गे वाईपर्यंत नेली, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे होते, रिंग खाचेतच चिकटलेली, प्लगचं टोक पांढरंफटक. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा घुसतेय. कार्ब्युरेटरचे जेट साफ आणि बरोबर मापाचे निघाले. मग मिस्त्रींनी सिलिंडर परत बसवला, इनटेक-एक्झॉस्ट रबराने बंद केले, मॅग्नेट काढलं, आत थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी सोडलं. मॅग्नेटच्या बाजूच्या क्रँक सीलपाशी (क्रँकच्या टोकाभोवती हवा अडवणारी रबरी कडी) बारीक बुडबुडे यायला लागले. चोर सापडला!

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथलं सील कडक झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून धूर दिसतो, निदान कळतं तरी. मॅग्नेटकडचं गेलेलं पटकन लक्षातच येत नाही.

दोन्ही सील, क्रँकची बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं किट बदललं. हा क्रँक प्रेसवर दाबून जोडलेला असतो, त्यामुळे तो डायल गेजवर (बारीक वाकडेपणा मोजणाऱ्या मापकावर) सरळ करून मिळाल्याशिवाय घेऊ नका. मूळ बोअर ५० मिमी, आम्हाला ०.५० ओव्हरसाइज लागला. पिस्टन आधी नाना पेठेतून आणला, बोअरिंगवाल्याने तो मोजला आणि मगच बोअर मारला. पोर्टच्या कडांची धारही मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलंय. चांगला पिस्टन शोधण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, पण मिळेल तो टाकला नाही याचं समाधान आहे.

ऑइल पंपाच्या पाइपमधली हवा काढून केबलची खूण जुळवली. तरीही पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) मिसळलं, कारण पंप नीट चालतोय हे कळेपर्यंत नवा पिस्टन कोरडा पडायला नको. रनिंग, म्हणजे नवा पिस्टन रुळण्याचा काळ, संपेपर्यंत गाडी ओढली नाही.

आता प्लग विटकरी रंगाचा निघतो. सिंहगड चढून वर पोचल्यावरही किक मोकळी बसते. मधल्या आरपीएमला गाडी जी उसळी मारते, त्यासाठी हा सगळा खर्च मी पुन्हा आनंदाने करेन. सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांचा (फिन्सचा) थोडा खणखणाट राहिलाय, तो या गाडीचा जुनाच आहे.

घाट उतरताना एकच सवय लावून घेतलीय. अॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनावर लांब उतार काढायचा नाही. पंप तेव्हा अगदी कमी ऑइल सोडतो आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. अधूनमधून क्लच दाबून थोडा अॅक्सिलरेटर देतो.