माझाच कॉम्प्रेसर मला नवा म्हणून विकला

पिकअप जुनी असली तरी इंजिन ठणठणीत आहे. एसीने मात्र ऐन उन्हाळ्यात मान टाकली. एसीवाल्याने बॉनेट उघडलं, एका पाइपला हात लावला आणि लगेच सांगून टाकलं, "गॅस संपलाय दादा. जुन्या गाडीला दरवर्षी लागतोच."

डिझेल संपतं तसा गॅसही संपत असेल, असं मला वाटलं. पहिली चूक तीच. एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो: कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो, ते सोडा. पण महिन्याभरात गार हवा बंद होत असेल तर कुठेतरी लीकेज आहेच.

त्याने दहा मिनिटांत काम उरकलं. नळ्यांमधली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला नाही, वजनकाटा काढला नाही, डबा कानाशी हलवून "फुल झाला" म्हणाला. किती ग्रॅम गॅस लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं होतं. तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं, म्हणा.

महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा गॅस. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "कॉम्प्रेसर जाम आहे." आणि दाखवलंसुद्धा! एसीचं बटण चालू, पुली गरगर फिरतेय, पण तिच्या तोंडावरची, पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारी क्लचची थाळी जागची हलत नव्हती. डोळ्यांनी पाहिल्यावर कोण शंका घेणार? खरं तर गॅस कमी झाला की प्रेशर स्विचच क्लचचा करंट तोडतो. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, गॅस नसेल तर तो कोरडा चालून जळेल, म्हणून ही सोय. इंजिन बंद करून थाळी हाताने फिरवून पाहायची. सहज फिरली तर कॉम्प्रेसर जाम नाही. हे मला फार उशिरा कळलं.

गाडी दोन दिवस त्याच्याकडे राहिली. परत मिळाली तेव्हा आत चकचकीत चंदेरी कॉम्प्रेसर. जुना मागितला तर "भंगारवाला घेऊन गेला." बिल नव्या कॉम्प्रेसरचं.

पुढच्या महिन्यात गार हवा पुन्हा गुल. या वेळी दुसऱ्या माणसाकडे गेलो. तो फारसा बोलला नाही. गॅस भरायच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी काढली, आतल्या पिनेवर साबणाचं पाणी सोडलं आणि मला वाकायला सांगितलं. एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, मग दुसरा. नखाएवढी पिन! ती बदलली, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर बदलला, अर्धा तास व्हॅक्यूम ओढला, पंप बंद करून प्रेशर गेजचा काटा चढत नाही ना ते पाहिलं, मग वजनकाट्यावर मोजून गॅस सोडला.

जाता जाता थिनरचं फडकं त्याने कॉम्प्रेसरवर फिरवलं. चंदेरी रंग फडक्यावर आला आणि खाली बोल्टच्या कानाशी एक टवका दिसला. बेल्ट बदलताना माझ्याच हातून पाना निसटून पडलेला तो टवका मी कसा विसरेन?

आता गाडी दुरुस्तीला सोडण्याआधी मी महागाच्या पार्टवर मार्करने खूण करतो, फोटो काढतो आणि जुना पार्ट माझ्या हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हे आधीच बोलून ठेवतो. गॅस भरणाऱ्याला फक्त एवढंच विचारतो, "लीकेज कुठे आहे ते दाखव." बरेच जण तिथेच चिडतात.

पहिल्याकडे टवक्याचा फोटो घेऊन गेलो होतो. त्याने तो शांतपणे मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, या मॉडेलच्या सगळ्याच कॉम्प्रेसरना असा टवका असतो."