वांगाच्या डागांवर १० टक्के अझेलाइक ॲसिड: संक्रांतीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः थेट शेवटाकडे पळते. हनुवटीवरचे पिंपल्सचे जुने डाग जवळजवळ गेले. गालाच्या हाडावरचा वांग फिका झाला, गेला नाही. चेहऱ्याचा मूळ रंग होता तोच आहे. आणि ज्या चेहऱ्याला सुगंधी फेसवॉशसुद्धा चालत नाही, त्याने थोडी कुरकुर करून का होईना, हे क्रीम मानवून घेतलं. एवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

आता माझ्या त्वचेबद्दल, म्हणजे तुमच्याशी किती जुळतं ते कळेल. रंग सावळा, वय चाळिशीच्या अलीकडे. थ्रेडिंग केलं की भुवयांवर लाल पुरळ, ब्लीच केलं की आग, आणि कुठलाही लाल डाग बसला की मागे काळा डाग सोडून जातो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेचं हे दुखणंच आहे: सूज उतरते, रंग उरतो. दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग आला, तो नंतर अर्धाच उतरला. उजळपणासाठी सगळे व्हिटॅमिन सी सुचवतात. पण त्यातलं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरावं म्हणून सीरमचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ३.५च्या खाली ठेवावा लागतो, आणि तेवढं आम्ल माझ्या गालांना सोसत नाही. शिवाय आमच्या बोरिवलीच्या उकाड्यात ती बाटली संपायच्या आत तपकिरी होते, तो तोटा वेगळाच.

म्हणून बाजारात नव्याने आलेली ही ट्यूब घेतली. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. हेच घटक आता बऱ्याच कंपन्यांकडे आहेत आणि मला जे सांगायचंय ते घटकांबद्दल आहे. १० टक्के अझेलाइक ॲसिड, ५ टक्के नायसिनामाइड, सुगंध नाही. तीस ग्रॅमची ट्यूब सहाशेच्या आतबाहेर पडते.

अझेलाइक ॲसिड गहू, जव, राय अशा धान्यांत असतं. आपल्या त्वचेवर राहणारी एक यीस्टही ते तयार करते. १५ टक्क्यांचं जेल रोझेशियासाठी (गाल-नाक लाल राहण्याचा विकार) आणि २० टक्क्यांचं क्रीम पिंपल्ससाठी डॉक्टर कित्येक वर्षं लिहून देत आले आहेत. मेलॅनिन बनायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, त्याला हे आवर घालतं. मला पटलेली गोष्ट ही की ते मुख्यतः गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या रंगपेशींवर चालतं, निरोगी त्वचेच्या रंगाला फारसा हात लावत नाही. नायसिनामाइडचं काम त्यापुढचं: तयार झालेला रंग वरच्या पेशींकडे पोचू न देणं. म्हणजे दोघांचा रस्ता वेगळा, अडवायची गोष्ट एकच.

सुरुवात मी कानामागे आणि जबड्याच्या कडेला थोडं लावून केली. काही झालं नाही तेव्हा चेहऱ्यावर, तेही एक रात्र आड आणि मॉइश्चरायझरवरून. नाजूक त्वचेसाठी हा क्रम महत्त्वाचा आहे. कोरड्या, नुकत्याच धुतलेल्या चेहऱ्यावर थेट लावाल तर पहिल्याच रात्री ट्यूब कुणाला तरी देऊन टाकाल. मॉइश्चरायझरवरूनसुद्धा पहिले काही आठवडे चुणचुण व्हायची. आग नाही, मुंग्या चालल्यासारखी खाज. दहा-पंधरा मिनिटं टिकायची आणि जायची. हे या ॲसिडचं ठरलेलं वागणं आहे आणि बहुतेकांचं सवयीने कमी होतं, माझंही झालं. पण चेहरा सकाळपर्यंत लाल राहत असेल, सोलपटत असेल, पापण्या सुजत असतील तर ती सवय लागणं नव्हे. तेव्हा बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचे. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे मी अजूनही सोडून देते, तिथे आधी व्हॅसलीनचं बोट फिरवते.

पोत हा या क्रीमचा सगळ्यात वैतागवाणा भाग. सिलिकॉनचा बेस आहे, त्यामुळे सकाळी लावून वरून सनस्क्रीन चोळलं की खोडरबराच्या भुग्यासारख्या गोळ्या निघतात. सकाळी सात-पस्तीसची गाडी पकडायची असताना आरशासमोर गालावरून गोळ्या झटकत बसणं ज्याने केलंय त्यालाच कळेल. बराच खटाटोप करून जमलेला उपाय असा: दोन तांदळांएवढंच घ्यायचं, चोळायचं नाही, टिपत लावायचं, मग डबा भरून होईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतर सनस्क्रीन. मे महिन्यात तर सकाळचा हा कार्यक्रमच बंद केला. घाम, क्रीम आणि सनस्क्रीन एकत्र डोळ्यांत उतरलं की अंधेरी येईपर्यंत रडत बसावं लागतं.

पहिला महिना आरशात काही दिसलं नाही, आणि दिसायला नकोच होतं. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे जातात, वय वाढतं तसे जास्त. म्हणून डागांवरच्या कुठल्याही क्रीमला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. ‘सात दिवसांत फरक’ वाचलं की मी पान उलटते. मी फोटो काढून ठेवले: न्हाणीघराच्या खिडकीत, सकाळच्या त्याच वेळी, मागच्या कॅमेऱ्याने. पुढचा कॅमेरा न सांगता चेहरा गुळगुळीत करतो, त्यावर विसंबून कुणी प्रगती मोजू नये. होळीनंतरच्या फोटोंत हनुवटीचे डाग फिके दिसायला लागले. वांग मात्र पाडवा उलटला तरी जागचा हलला नव्हता. डॉक्टरांनी वूड्स लॅम्पखाली (त्वचा तपासायचा अतिनील प्रकाशाचा दिवा) पाहून सांगितलं होतं की बराचसा रंग वरच्या थरात आहे, थोडा खोल. खोलवरच्या रंगावर लावायच्या औषधांचं फारसं चालत नाही, हे आधी ऐकून ठेवलेलं बरं असतं.

माझा डावा गाल उजव्यापेक्षा कायम काळा. याचं उत्तर मला लोकलमध्ये सापडलं. सकाळी बोरिवलीहून सुटणारी गाडी, त्यामुळे डावीकडची, गाडीच्या दिशेला तोंड करून बसायची खिडकी मिळते. चर्चगेटकडे जाताना डावीकडे पूर्व. संध्याकाळी चर्चगेटहून त्याच सवयीने डावीकडे बसते, आणि आता डावीकडे पश्चिम. सकाळचं ऊनही डाव्या गालावर, संध्याकाळचंही. इतकी वर्षं विंडो सीट मिळाली म्हणून खूश व्हायचे! एसी लोकलने प्रश्न पुरता सुटत नाही, कारण साधी काच उन्हातले भाजणारे यूव्हीबी किरण अडवते, खोल शिरून काळवंडवणारे यूव्हीए मात्र बरेचसे आत येऊ देते. आणि वांगाच्या बाबतीत नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो, विशेषतः सावळ्या त्वचेवर. तो साध्या सनस्क्रीनने नीट अडत नाही, त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन लागतं. ते मी एप्रिलमध्ये सुरू केलं, एसपीएफ ५०चं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. खरं सांगायचं तर वांग हलायला लागला तो तेव्हापासून. क्रीमला किती श्रेय द्यायचं आणि सनस्क्रीनला किती, हे मला वेगळं करता येत नाही. अंदाज विचाराल तर वांगाच्या बाबतीत सनस्क्रीनला मोठा वाटा देईन. त्यातही आपल्या रंगाला जुळणारी छटा मिळणं कठीण. पहिल्या ट्यूबने मी राखाडी दिसत होते.

मे अखेरीस गुहागरला गेलो. टोपी, छत्री, सनस्क्रीन सगळं होतं, तरी समुद्रावरचं ऊन ते ऊनच. परत आले तेव्हा डावा गाल बराचसा पूर्वपदावर. वांगाचं हे असंच असतं, एक सुट्टी दोन-तीन महिन्यांची मेहनत खाऊन टाकते.

पावसाळ्यात वेगळंच निघालं. कपाळावर बारीक, एकसारखी, खाजणारी पुरळ. मला वाटलं शेवटी क्रीम बाधलं. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की ही दमट हवेत फोफावणारी यीस्ट आहे, केसांच्या मुळांशी; अँटीफंगल लोशन दिलं आणि माझं जाड मॉइश्चरायझर बंद करून हलकं जेल लावायला सांगितलं. अझेलाइक चालू राहिलं, पुरळ गेली. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये नवीन क्रीमबद्दल मत बनवू नये असं माझं मत बनलंय. ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही हेही खरंच, यूव्ही ढगांतून बरंच खाली येतं.

गणपतीला सगळे जमले तेव्हा वहिनीने पहिल्यांदा ओळखलं. “ताई, चेहरा स्वच्छ दिसतोय, काय लावता?” आईने जवळ येऊन गाल फिरवून पाहिला आणि म्हणाली, “एवढे पैसे घालून गोरी कुठे झालीस?” म्हटलं, “आई, गोरं व्हायला घेतलंच नव्हतं गं.” तिला ते पटलं असं नाही. तिच्या मते बेसन, हळद आणि लिंबू हेच खरं. बेसनाचं मी काही म्हणत नाही, पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात आणि ते महिनोन्महिने काळे राहतात. वांग असलेल्या चेहऱ्यावर तर नकोच.

वहिनीने मग हळूच पर्समधून एक डबी काढून दाखवली. स्टेशनबाहेर घेतलेली, घटकांची यादी नाही, कंपनीचा पत्ता नाही, ‘आठ दिवसांत गोरेपणा’. यावर मात्र मी घरगुती भाषण दिलं आणि इथेही देते. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. आपल्याकडच्या २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) वर चालत नाही, मुद्दाम घालणं तर दूरच. २०२३ साली अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे त्रास झाल्याची बातमी आली होती. केईएममध्ये तपासणीत क्रीममधला पारा सापडला होता. दुसरा धोका स्टेरॉइडचा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबा झटपट उजळवतात, म्हणून मैत्रिणी एकमेकींना सुचवतात. डॉक्टरच्या देखरेखीत, ठरावीक काळ, ते औषध आहे. मनाने महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, आणि सोडलं की चेहरा पेटतो. नाजूक त्वचेला हे सगळ्यात आधी भोवतं. डबी वहिनीने परत पर्समध्ये ठेवली, पुढे काय केलं ते विचारलेलं नाही.

बाळंतपणानंतर वांग आलेल्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून: गरोदरपणात हायड्रोक्विनोन आणि रेटिनॉइड (ट्रेटिनॉइनच्या जातीची औषधं) बंद करायला सांगतात, अझेलाइक त्यातल्या त्यात सुरक्षित समजलं जातं. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

सध्या रोज रात्री लावते, चुणचुण नावापुरती. हवा कोरडी झाली आणि ऑफिसच्या एसीत गाल ताणले जायला लागले की पुन्हा एक रात्र आड करेन. दुसरी ट्यूब संपत आली आहे. तिसरी याच ब्रँडची घेईन असं नाही. तितक्याच टक्क्यांचं, सिलिकॉनऐवजी जेल बेसमधलं कुणाचं मिळालं तर आधी ते बघणार आहे, कारण त्या गोळ्यांनी जीव नकोसा केलाय. आणि सकाळी उजवीकडे बसायला लागले आहे. तिकडची खिडकी क्वचितच मिळते, त्यामुळे बहुतेक वेळा पॅसेजच्या बाजूला.