इल्डा फाइली नऊ महिने वापरल्यानंतर: हे चित्र आहे की सिग्नल?

नऊ महिन्यांपूर्वी घरात एक वॉटचा आरजीबी लेझर प्रोजेक्टर आणला. त्याच्यासोबत हेलिऑस हा छोटा डॅक घेतला. लॅपटॉपमधल्या आकड्यांचं व्होल्टेज करून देणारी ही यूएसबीवरची डबी आहे, आणि तिची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. दोघांना जोडायला डीबी-२५ ची जाड केबल. या सामानाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डबी नऊ महिन्यांत एकदाही अडली नाही. मला लिहायचंय ते या सगळ्यातून जी फाइल वाहते तिच्याबद्दल, कारण माझे निम्मे रविवार तिनेच घेतले.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोजेक्टरमध्ये दोन चिमुकले आरसे असतात. एक किरण आडवा हलवतो, दुसरा उभा. त्यांना हलवणाऱ्या मोटरला गॅल्व्हो म्हणतात. भिंतीवर दिसणारं चित्र म्हणजे एकच ठिपका, सेकंदाला हजारो बिंदूंवरून पळणारा. तो पुरेसा वेगाने पळाला की डोळ्याला सलग रेघ दिसते. फाइलीत या बिंदूंची यादी असते: कुठे जायचं, कोणत्या रंगात, आणि वाटेत लेझर चालू ठेवायचा की बंद.

ही यादी कशी लिहायची याचं प्रमाण इल्डा या लेझर शो करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेलं आहे. संघटना १९८६ पासूनची. या प्रमाणाप्रमाणे लिहिलेल्या फाइलीच्या नावाशेवटी .ild असतं, म्हणून ती आयएलडी फाइल. वरवर बघितली तर ती अगदी साधी आहे. प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे एकेका चित्राच्या, आधी ३२ बाइटचं हेडर असतं: सुरुवातीला ‘इल्डा’ ही चार अक्षरं, मग प्रकाराचा क्रमांक, फ्रेमचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, बिंदू किती, फ्रेम कितवी, एकूण फ्रेम किती. त्यानंतर ओळीने बिंदू. मी एका संध्याकाळी पायथॉनमध्ये ती वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला, आणि मला वाटलं, झालं.

पहिलं चित्र भाच्याच्या आग्रहाने भगव्या झेंड्याचं केलं. भिंतीवर झेंडा उमटला, फडकला, पण आकाशी निळा. “मावशी, हा निळा का?” त्याला काय सांगणार! खरं कारण असं की प्रकार ४ आणि ५ मध्ये, म्हणजे थेट रंग लिहिणाऱ्या प्रकारांत, रंगांचे बाइट निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने येतात. जगातली बहुतेक सॉफ्टवेअर लाल, हिरवा, निळा असं लिहितात. ज्या मोफत प्रोग्रामातून मी झेंडा काढला होता तोही तसंच लिहीत होता. भगव्यात लाल भरपूर, हिरवा मध्यम, निळा शून्य. टोकं उलटली की नेमका आकाशी रंग मिळतो. त्या प्रोग्रामने आपल्याच फाइली वाचताना तीच चूक उलटी केली, त्यामुळे पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. चूक फक्त भिंतीवर कळली.

रंगांचा याहून जुना घोळ तक्त्याचा आहे. प्रकार ० आणि १ मध्ये बिंदूजवळ रंग नसतो, रंगाचा फक्त क्रमांक असतो. इल्डाच्या ६४ रंगांच्या ठरीव तक्त्यात शून्य म्हणजे लाल आणि ५६ म्हणजे पांढरा. पण बऱ्याच जुन्या फाइली आपापल्या सॉफ्टवेअरचा तक्ता गृहीत धरून बनलेल्या आहेत. तो तक्ता सोबत द्यायचा तर प्रकार २ आहे, पण कुणी देतं, कुणी देत नाही, आणि दिला तरी वाचणारा प्रोग्राम त्याच्याकडे बघेलच असं नाही. मला मिळालेल्या एका संग्रहात घोड्याची सुरेख धावती फ्रेममालिका होती. तीन प्रोग्राममध्ये उघडली, तीन रंगांचे घोडे दिसले. त्यातला मूळ कोणता हे फाइल सांगत नाही.

प्रकारांच्या क्रमांकांत ३ नाही, हेही मला सुरुवातीला खटकलं होतं. थेट रंगांसाठी तो प्रस्ताव म्हणून पुढे आला, पण प्रमाणात कधी घेतला गेला नाही. पुढे त्याच कामासाठी ४ आणि ५ आले. मधल्या काळात काही लोकांनी ३ वापरून फाइली केल्या, त्या अजून फिरतात. माझ्या प्रोग्रामात मी त्याही वाचायची सोय ठेवली आहे. कुणीतरी रात्री जागून काढलेलं चित्र केवळ एका आकड्यापायी टाकून द्यावं हे मला पटत नाही.

आता ब्लँकिंग, म्हणजे वाटेत लेझर बंद करणं. प्रत्येक बिंदूला एक स्थितीचा बाइट असतो. त्यातला सर्वांत वरचा बिट ‘हा शेवटचा बिंदू’ असं सांगतो आणि त्याखालचा ‘इथे लेझर बंद’ असं. प्रमाण सरळ आहे: बंदचा बिट लागला की रंग काहीही असो, उजेड नको. तरी काही प्रोग्राम बिट बघतच नाहीत, फक्त रंग काळा आहे का ते बघतात. काही उलट, काळा रंग लिहितात पण बिट लावत नाहीत. दोन्ही भेटले की अक्षराअक्षरांमध्ये नको त्या तिरक्या रेघा उमटतात.

देवनागरीत मात्र हे वेगळं दिसतं. इंग्रजी शब्दात प्रत्येक अक्षरानंतर उडी असते, म्हणून ब्लँकिंग चुकलं की सगळा शब्द जाळ्यात अडकल्यासारखा दिसतो. आपल्या शब्दाला शिरोरेषा आहे. मी किरण शिरोरेषेवरूनच पुढे नेते आणि प्रत्येक अक्षरासाठी खाली उतरवून परत वर आणते. उड्या निम्म्याहून कमी होतात, आणि ज्या रेघेवरून परत यायचं ती तशीही काढायचीच असते. अडचण अनुस्वाराची. ठिपका काढायचा म्हणजे किरण एका जागी थांबवायचा. थांबला की तिथे उजेड इतका वाढतो की बाकीचा शब्द फिका पडतो. म्हणून मी अनुस्वार छोट्या वर्तुळाचा काढते, नऊ बिंदूंचा.

फ्रेमच्या नावाला मात्र देवनागरीची सोय नाही. नावासाठी आठच बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आपलं एक चिन्ह तीन बाइट खातं, ‘गणपती’ला पंधरा लागतात. हेडरमध्ये ‘गण’ एवढंच मावतं.

हे सगळे घोळ त्रासाचे असले तरी सुटणारे आहेत. एकदा कळलं की दोन ओळी लिहून मिटतात. ज्यावरून या छंदातली माणसं खरी भांडतात ते दुसरंच आहे, आणि नऊ महिन्यांनी माझंही त्यावर ठाम मत झालं आहे.

आयएलडी फाइलीत वेळच नाही. बिंदू किती वेगाने काढायचे हे लिहिलेलं नाही, आणि एक फ्रेम किती वेळ दाखवायची हेही नाही. तो धावता घोडा सेकंदाला १२ फ्रेमने पळवायचा की २५ ने? बारावर तो दुडक्या चालीने जातो, पंचविसावर चौखूर उधळतो. चित्रकाराच्या मनात काय होतं ते अंदाजाने ठरवायचं.

एका बाजूचं म्हणणं असं की वेग हा चित्राचा गुण नाही, आरशांचा आहे. यात तथ्य आहे. माझे स्कॅनर, म्हणजे गॅल्व्हो आणि त्यांवरचे आरसे, ३०के चे आहेत, म्हणजे सेकंदाला ३०,००० बिंदू, पण तो आकडा ८ अंशांच्या कोनातला. माझी भिंत अडीच मीटरवर आहे. तिथे ८ अंशांत चित्र जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंद येतं. मीटरभर रुंद हवं तर साडेबावीस अंश लागतात, आणि एवढ्या लांब उड्या मारताना आरसे मागे पडतात, कोपरे गोल होतात. मग मी वेग २०,००० वर आणते. तुमची भिंत दहा मीटरवर असेल तर तेच चित्र तुम्ही पूर्ण वेगाने काढाल. फाइलीत वेग कोरून ठेवला तर तो दोघांपैकी एकाला चुकीचा ठरणार.

दुसरी बाजू म्हणते, वेळेशिवाय चित्राला अर्थच नाही. पूर्वी लेझर शो ध्वनिमुद्रणाच्या आठ ट्रॅकच्या अ‍ॅडॅट टेपवर जपून ठेवत. आडवी हालचाल, उभी हालचाल, रंग यांचे सिग्नल काही ट्रॅकवर आणि उरलेल्या दोनवर संगीत. तिथे वेळ वेगळी लिहावीच लागत नव्हती, टेप फिरली की संगीत आणि किरण हातात हात घालून निघत. पण तो सिग्नल ज्या स्कॅनरसाठी नोंदवला त्याच्याच जातीच्या स्कॅनरवर नीट दिसे. आयएलडी फाइलीने चित्राला त्या बंधनातून सोडवलं, आणि सोडवताना वेळ हरवली.

याच्याच पोटात दुसरा वाद आहे. फाइलीत चित्राचे मूळ बिंदू ठेवायचे की स्कॅनरसाठी तयार केलेले? चौकोनाला खरं तर चार बिंदू पुरतात. पण आरशाला वस्तुमान आहे, तो कोपऱ्यावर क्षणात वळत नाही. म्हणून कोपऱ्यावर तोच बिंदू तीन-चारदा लिहितात, लांब रेघेत मधले बिंदू भरतात, उडीच्या आधी-नंतर लेझर बंद ठेवून आरशाला स्थिरावू देतात. काही जण हे सगळं करून फाइल देतात. काही कोरं चित्र देतात. आणि फाइल यातली कोणती आहे हे सांगायला हेडरमध्ये जागाच नाही. माझ्या सॉफ्टवेअरने एका आधीच तयार केलेल्या ७०० बिंदूंच्या फ्रेमवर पुन्हा संस्कार केले आणि १,४०० करून ठेवले. २०,००० च्या वेगाला ती फ्रेम सेकंदाला चौदाच वेळा उमटत होती. चित्र दिव्यासारखं लुकलुकत होतं, आणि मी आठवडाभर दोष प्रोजेक्टरमध्ये शोधत होते.

मला विचाराल तर फाइलीत कोरं चित्र असावं. संस्कार ज्याचे आरसे त्याने करावेत. पण एक अपवाद आहे, आणि तोच मला सगळ्यात जास्त शिकवून गेला: इल्डाची चाचणी आकृती. तिच्यात एक चौकोन आणि एक वर्तुळ आहे. फाइलीतल्या आकड्यांप्रमाणे वर्तुळ चौकोनाच्या बाहेर जातं. ठरलेल्या वेगाने आणि ८ अंशांत ती काढली की नीट जुळवलेले आरसे वर्तुळात तेवढेच मागे पडतात, आणि वर्तुळ आत येऊन चौकोनाच्या बाजूंना टेकतं. स्कॅनर जुळवण्याची सगळी रीत या टेकण्यावर उभी आहे. या आकृतीत कुणी एक बिंदू जरी घुसवला तरी वर्तुळ भलतीकडे जातं, आणि आपण चांगल्या स्कॅनरचा स्क्रू फिरवून तो बिघडवतो. म्हणजे ही फाइल चित्र नाहीच, ती सिग्नल आहे. चित्राची फाइल आणि सिग्नलची फाइल, दोघींचं हेडर सारखंच, आडनाव सारखंच. सगळ्या भांडणांचं मूळ मला तिथे दिसतं. दोन्ही बाजू आपापल्या फाइलीबद्दल बरोबर बोलतात.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. फ्रेम किती वेळ दाखवायची ते लिहा, कारण तो चित्रकाराचा हक्क आहे. आणि ‘हात लावू नका’ असं सांगणारा एक बिट द्या. बिंदूंचा वेग लिहू नका. इल्डाच्याच नव्या डिजिटल नेटवर्क प्रमाणात, जिथे चित्र केबलऐवजी नेटवर्कवरून वाहतं, प्रत्येक तुकड्यासोबत तो किती मायक्रोसेकंदांत दाखवायचा हे जातं. वेळेची गरज तिथे मान्य झाली आहे. साठवणीच्या फाइलीला ती अजून मिळायची आहे.

फाइलीच्या शेवटाबद्दल मात्र मी हळवी आहे. प्रमाण सांगतं की शेवटी शून्य बिंदूंचं एक हेडर असावं. काही प्रोग्राम ते लिहीत नाहीत. माझ्या प्रोजेक्टरला स्वतःचा कार्ड वाचक आहे. मार्चमध्ये अशी एक अर्धवट फाइल त्यात घातली, तर फाइल संपल्यावर किरण शेवटच्या बिंदूवर तसाच थांबला. एका जागी, पूर्ण उजेडात. एक वॉटचा लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गातला असतो. असा थांबलेला किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत इजा होते. खोलीत तेव्हा मी एकटीच होते आणि किरण भिंतीवर वर होता. त्या दिवसापासून कार्ड वापरणं बंद केलं, आणि डीबी-२५ च्या ४ आणि १७ क्रमांकांच्या पिनांमधून जाणाऱ्या सुरक्षा साखळीत हाताशी राहील असं लाल बटण बसवलं. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली तेव्हा या छंदातल्या काहींना वाईट वाटलं. मला ती योग्य वाटली. मिरवणुकीत माणसांच्या तोंडावर फिरणारा किरण आणि घरच्या भिंतीवरची रेघ, दोन्हींमागे तेच यंत्र आहे.

सध्या मी दोन फोल्डर ठेवले आहेत, ‘चित्र’ आणि ‘सिग्नल’. ‘सिग्नल’मधल्या फाइलींना सॉफ्टवेअरचे कसलेही संस्कार लागू द्यायचे नाहीत. ‘चित्र’मधल्या प्रत्येक फाइलीच्या नावातच बिंदूंची संख्या आणि फ्रेमचा वेळ लिहिते. यंदा घरच्या गणपतीमागच्या भिंतीसाठी एकरंगी गणपती काढलाय, ४८० बिंदूंचा. २०,००० च्या वेगाला तो सेकंदाला सुमारे ४२ वेळा उमटतो, अगदी स्थिर. उंदीर अजून बसत नाही. त्याला ९० बिंदू लागतात, तो घातला की आकडा ३५ वर येतो आणि सोंडेची रेघ थरथरते. शेपटीचं वळण थोडं सरळ करून बघणार आहे.