फुंकीव काच की ओतीव काच?

घणसोलीच्या भाचीला बैठकीच्या खिडकीत ठेवायला काचशिल्प घ्यायचे आहे. फुंकून घडवलेले घ्यावे की साच्यात ओतलेले, यावर तिचे अडले आहे. माझा ओढा उघडच फुंकीव काचेकडे, म्हणजे अमेरिकी काचशिल्पकार डेल चिहुली यांच्याकडे आहे: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील त्यांच्या झुंबरात वितळलेल्या काचेचे वळसे जसेच्या तसे थिजलेले दिसतात. मात्र अशा वळणांत ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ बसली की मऊ कुंचल्याने तासभर टिपत बसावे लागते, आणि वाऱ्याने उडालेल्या पडद्याचा एक फटकाराही ती फुटायला पुरतो. ओतीव काच जड. जाड तुकडा भट्टीत आठवडे-आठवडे निववावा लागतो, घाई केल्यास तडकतो, म्हणून किंमत चढते. पुसायला मात्र ओले फडके पुरे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ओतीव घ्यावी. बंद काचकपाट असेल तर फुंकीवच.