१०९९-आर दोनदा? चार महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारी ते मे, म्हणजे अमेरिकेतला टॅक्स रिटर्न भरण्याचा हंगाम आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या, एवढा काळ रिटर्न भरण्याच्या एका सॉफ्टवेअरचा वापर झाला. सॉफ्टवेअर एकंदरीत बरं आहे, इम्पोर्ट, म्हणजे संस्थेकडून फॉर्म थेट आत घेणं, झटपट होतं. खरा वैताग पेन्शन, आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) आणि ४०१(के) (नोकरीतून मिळणारं निवृत्ती खातं) यांच्या १०९९-आरवर, म्हणजे त्यांतून काढलेल्या पैशांची माहिती देणाऱ्या फॉर्मवर, येणाऱ्या ‘हा फॉर्म आधीच भरलेला दिसतो’ या इशाऱ्याचा.

इशारा देताना ते पैसे देणाऱ्या संस्थेचा ईआयएन (कर-ओळख क्रमांक) आणि बॉक्स १ची (एकूण काढलेली) रक्कम एवढंच ताडून पाहतं. खाते क्रमांक आणि बॉक्स ७चा (पैसे कोणत्या प्रकारे निघाले ते सांगणारा) कोड बघतच नाही. त्यामुळे एकाच ब्रोकरकडच्या दोन आयआरएंमधून प्रत्येकी ६,००० डॉलर काढले, तर दोन्ही फॉर्म खरे असूनही इशारा येतो. नवरा-बायकोला एकाच संस्थेकडून सारखी रक्कम मिळाली तरी तेच.

खरी दुबार नोंद बहुधा दोन वाटांनी होते. एक, इम्पोर्ट करून पुन्हा हातानेही भरणं. दुसरी, टपालाने आलेल्या कागदावरच्या कॉपी बी, सी आणि २ हे तीन वेगळे फॉर्म समजणं. तो एकच फॉर्म असतो.

नुसत्या रिफंडकडे पाहून चूक कळत नाही. ४०१(के)मधून २४,००० काढले आणि २० टक्के, म्हणजे ४,८०० करापोटी कापले गेले असं धरा. हाच फॉर्म दोनदा लागला आणि जादा उत्पन्न १२ टक्क्यांच्या टप्प्यातच राहिलं, तर कर वाढतो २,८८० ने, पण कपात वाढते ४,८०० ने. रिफंड १,९२० ने फुगतो आणि माणूस खूश! असा रिफंड पुढे आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) अडकू शकतो. कोड जी, म्हणजे थेट रोलओव्हर (एका निवृत्ती खात्यातून थेट दुसऱ्यात हस्तांतर) असेल, तर बॉक्स २ए (करपात्र रक्कम) सहसा शून्य असतो. कर हलत नाही, फक्त १०४० या मुख्य रिटर्न फॉर्मवरची ४ए किंवा ५ए ओळीची रक्कम दुप्पट होते.

सर्वांत घातक प्रकार मात्र इशाऱ्यातून निसटतो: ‘करेक्टेड’ (संस्थेने दुरुस्त करून पाठवलेला) फॉर्म. रक्कम बदललेली असल्याने सॉफ्टवेअर तो नवाच धरतं आणि जुना-नवा दोन्ही बेरजेत घेतं. जुना स्वतः काढावा लागतो.

काहीही डिलीट करण्याआधी दोन्ही नोंदी उघडून खाते क्रमांक, बॉक्स ४ (कापलेला केंद्रीय कर), ७ आणि १४ (कापलेला राज्य कर) ताडून पाहा. सगळं जुळलं आणि संस्थेच्या संकेतस्थळावर एकच फॉर्म असला, तर हाताने भरलेली नोंद काढा. इम्पोर्ट केलेली काढली तर पुढच्या इम्पोर्टमध्ये ती परत येते. मात्र रोलओव्हर आणि आरएमडीच्या (ठरावीक वयानंतर दरवर्षी काढावीच लागणारी किमान रक्कम) प्रश्नांना दिलेली उत्तरं नोंदीबरोबरच पुसली जातात, ती आधी टिपून ठेवा. मग १०४०वरच्या ४ए, ४बी, ५ए, ५बी आणि २५बी (कापलेला कर) या ओळी स्वतःच्या बेरजेशी जुळवा. रिटर्न आधीच गेलं असेल, तर १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरावा लागतो.

‘दुर्लक्ष करा’ हे बटण अगदी शेवटी दाबा. एकदा दाबलं की त्या रिटर्नमध्ये १०९९-आरचा एकही इशारा पुन्हा दिसत नाही, नंतर खरंच दुबार नोंद झाली तरीही.